आंतरपाटाची कोरी बाजू

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात, स्टेशन रोडवर 'नयन डिजिटल' नावाचं दुकान आहे. साक्षगंधाचं म्हणजे साखरपुड्याचं शूटिंग, लग्नाचा अल्बम, बारशाचा फ्लेक्स, तेरवीचा फ्लेक्स, सगळं तिथे मिळतं. गावातला माणूस पाळण्यात असताना एकदा इथल्या पडद्यावर येतो आणि गेल्यावर एकदा. मधे लग्न जमलं तर आणखी एकदा. दुकान दोघांच्या भागीदारीत आहे. निशांत कॅमेरा घेऊन बाहेर फिरतो आणि अपेक्षा आत कॉम्प्युटरवर बसते. दहा-बारा वर्षं झाली, हे असंच चालू आहे.

अपेक्षा म्हणजे लक्ष्मणरावांची थोरली. घरी कापूस, तूर, दोन म्हशी. पोरगी वर्ध्याला जाऊन गणित घेऊन बी.एस्सी. झाली आणि लग्नाच्या अल्बमच्या दुकानात बसली, तेव्हा गाव म्हणालं की गणित वाया गेलं. गावाचं काय जातं बोलायला! तिचं गणित रोज कामाला येत होतं, फक्त ते लोकांच्या पाठीमागे असायचं. अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे जी रंगीत, गरगरत आत आत जाणारी नक्षी दिसते, ती इतर दुकानदार नेटवरून उचलतात. अपेक्षा ती स्वतः घडवायची. सिनेमातल्या आगी आणि वादळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतात, त्यातच फ्रॅक्टल काढायची सोय असते. फ्रॅक्टल म्हणजे फुलकोबी समजा. गड्ड्याचा एक तुरा मोडून घेतला तर तो लहानसा गड्डाच दिसतो, त्याचा तुरा मोडला तर तोही तसाच. त्यामागचं गणित अगदी साधं असतं. एक आकडा घ्यायचा, त्याचं उत्तर काढायचं, ते उत्तर परत त्याच गणितात घालायचं, परत, परत, मशीन दमेपर्यंत. जे आकडे सुटून दूर पळतात त्यांना रंग मिळतो, जो जितक्या लवकर पळाला तसा त्याचा रंग. जे आतच घुटमळत राहतात ते काळे राहतात.

गावाला हे कोण समजावून सांगणार? गाव त्याला 'अपेक्षाची रांगोळी' म्हणायचं आणि निशांत म्हणायचा 'भोवरे'. एक मोठं चित्र तयार व्हायला मशीनला अख्खी दुपार लागायची. मे महिन्यात सिंदीत उन्हानं कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तेव्हा अपेक्षा दुकानातल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करून ठेवायची आणि स्वतः ओढणीनं वारा घेत बसायची. निशांत बाहेरून तापून आला की ओरडायचा, "अबे अपेक्षा, मशीनले थंडी वाजून राह्यली असंन. माणसाकडे पाह्य जरा!"

'अबे' म्हणायचा तो तिला. मित्राला म्हणावं तसं. आणि तिला ते आवडायचं, इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

अपेक्षाचा निशांतवर जीव होता. आडपडदा न ठेवता सांगून टाकलेलं बरं, कारण तिनं स्वतः ते कधी कोणाला सांगितलं नाही. कधीपासून, असं विचाराल तर तिलाही सांगता आलं नसतं. सुरुवातीच्या एका तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन निघाली होती, मधेच सर आली आणि निशांतनं अंगातला पिवळा रेनकोट काढून कॅमेऱ्यावर टाकला. दोघं चिंब भिजले, कॅमेरा कोरडा राहिला. दोघंही खूप हसले होते. कदाचित तेव्हापासून असेल. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, रोजच भेटतो त्याला काय सांगायचं! शहाणी पोरगी, आकड्यांची पळापळ ओळखणारी, आणि हे साधं गणित तिला सुटलं नाही, की रोज भेटणारा माणूससुद्धा एक दिवस पत्रिका हातात घेऊन येतो.

निशांतकडे बोट दाखवायचं तर त्याचंही काही कमी नाही. आई इंदिराकाकू शाळेतून रिटायर झालेल्या, घरात सगळे नोकरदार, त्यामुळे स्थळं नागपूरपासून अमरावतीपर्यंतची यायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! बायोडाटावरचा त्याचा फोटो अपेक्षानंच साफ करून दिला होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, मागे निळसर रंग भरला. मुलींचे फोटो आले की तो मोबाइल तिच्यासमोर धरायचा आणि विचारायचा, "तुले फोटोतलं समजते बे. सांग, कोणती?" ती प्रत्येक फोटोत काही ना काही खोट काढायची. एक दिवस पुलगावच्या ऋचाचा फोटो आला. साधा, घराच्या दारात काढलेला, काहीही न पुसलेला. त्या मुलीच्या डोळ्यांत इतका सरळपणा होता की अपेक्षाला खोटं बोलवेना. ती म्हणाली, "हे चांगली हाये."

त्या तीन शब्दांवर लग्न ठरलं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तो असा.

साक्षगंध झालं आणि निशांत दुकानात पेढे घेऊन आला. "एक काम तुलेच करा लागते," तो म्हणाला. "आंतरपाट. ते हळदीत बुडवलेलं कापड नको मले. तुया भोवऱ्यातला एक छापू त्याच्यावर. तुयं काम मी हजारात वळखतो."

"डिझाइन दाखवणार नाई आधी," अपेक्षा म्हणाली. "मांडवातच पाहजो."

तो हसून गेला आणि ती तशीच पडद्यासमोर बसून राहिली. आंतरपाट म्हणजे काय, हे तिला लग्नाच्या शूटिंगा कापून कापून पाठ होतं. मंगलाष्टकं चालू असतात. गुरुजी गातात, मामा-काका कापड धरतात, लोक अक्षता फेकतात, आणि नवरदेवाला हातात हार धरून समोरच्या कापडाकडे बघण्यापलीकडे दुसरं कामच नसतं. इतका वेळ निशांत तिच्या कुठल्याही चित्रासमोर कधी उभा राहिला नव्हता. एकदा 'भारी' म्हणायचा आणि पुढच्या ऑर्डरचं बोलायचा.

त्यानं लग्न मोडावं, असलं वेडंवाकडं तिच्या मनात आलं नाही. त्यानं फक्त ओळखावं. एकदा, मंगलाष्टकं संपायच्या आत, त्याला कळावं की इथे कोणीतरी होतं. एवढंच मागणं होतं तिचं. तेवढ्यावर ती उरलेलं आयुष्य काढायला तयार होती.

तिच्याकडे त्यासाठी लागणारा माल होता. मोठ्या ऑर्डरला अपेक्षाही निशांतबरोबर जायची, आणि कुठल्याही शूटिंगच्या आधी उजेड तपासावा लागतो. नवरी जिथे उभी राहणार तिथे कोणाला तरी उभं करून एक-दोन फोटो काढायचे, उजेड बघायचा आणि फोटो पुसून टाकायचे. "अपेक्षा, उभी राह्य जरा, लाइट पाहतो," असं निशांत म्हणायचा आणि ती उभी राहायची. बोर धरणावर, सेलूच्या लॉनवर, तळेगावच्या एका अंगणात. नवरीच्या जागी ती कितीदा उभी राहिली होती! फोटो कॉम्प्युटरवर घेणारी तीच, त्यामुळे पुसायचं कामही तिचंच. तिनं एकही पुसला नव्हता. निशांतनं तिच्याकडे डोळा बारीक करून, नीट लक्ष देऊन पाहिलं होतं ते तेवढ्या फोटोंतच. तो उजेड बघत होता, ती गोष्ट वेगळी.

त्या फोटोंतून तिनं रंग उचलले. धरणावरच्या संध्याकाळीचा जांभळा. तिच्या ओढणीच्या काठाचा मोरपंखी. तळेगावच्या अंगणातल्या सारवणाचा हिरवट. एका फोटोच्या कडेला त्याचा पिवळा रेनकोट लटकलेला आला होता, तो पिवळा. चित्रात चेहरा नव्हता, नाव नव्हतं. एकच वेलांटी मोठी होत जायची, तिच्या पोटात तीच वेलांटी लहान, तिच्या पोटात आणखी लहान, आणि अगदी मधोमध जिथे आकडे सुटून जात नाहीत तिथे काळा ठिपका. त्या ठिपक्याच्या भोवती तिनं रेनकोटाचा पिवळा ठेवला. कॅमेऱ्याचा माणूस रंग विसरत नाही, असा तिचा विश्वास होता. मशीन गरम होऊन दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा तिनं कूलरच्या टाकीत बर्फ आणून टाकला.

छापलेलं कापड हातात आलं तेव्हा तिच्या आईला, आनंदाबाईंना, तिनं ते घरी नेऊन दाखवलं. आनंदाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोनाच्या लग्नाचं होय, माय?"

"निशांतच्या."

आनंदाबाईंनी कापडाची घडी घातली. त्यांनी पोरीच्या ताटात भाकरी वाढली आणि तिच्याजवळ बसून राहिल्या. आयांना सगळं कळतं, पण कळून काय करतात बिचाऱ्या!

एक गोष्ट मात्र अपेक्षाच्या ध्यानात आली नाही आणि ती तिच्या धंद्यातल्या कोणाच्याच ध्यानात आली नसती. फ्लेक्सची पाठ भिंतीला असते. अल्बमच्या पानाची पाठ दुसऱ्या पानाला चिकटवलेली असते. फोटोची पाठ फ्रेममध्ये. साऱ्या आयुष्यात तिनं एकच बाजू छापली होती, कारण मागची बाजू कधी कोणी पाहतच नाही. आंतरपाटही तिनं तसाच छापला. पुढे रंगांचा पूर आणि मागे कोरं पांढरं कापड.

लग्न पुलगावला होतं, एका लॉनवर. नवरदेवच कॅमेरावाला, मग शूटिंग कोण करणार? "दुसऱ्या कोणावर भरवसा नाई माझा," निशांत म्हणाला आणि कॅमेरा अपेक्षाच्या हातात दिला. म्हणजे जे पाहायचं नव्हतं तेच कॅमेरा डोळ्याला लावून पाहायची पाळी आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून काय वेगळा असतो?

मुहूर्ताच्या जरा आधी इंदिराकाकू कुंकवाची वाटी घेऊन आल्या आणि आंतरपाट उलगडून बसल्या. "किती सुरेख केलंस गं बेटा," त्या मनापासून म्हणाल्या. मग कुंकवाचं बोट कापडावर टेकवून थांबल्या. "पण स्वस्तिक कुठं काढू? इतक्या रंगांत कुंकू दिसणारच नाई." त्यांनी कापड उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे पाह्य, मागून पांढरं आहे. इथं काढते."

त्यांनी पांढऱ्या बाजूवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर म्हणाल्या, "ही बाजू निशांतकडे धरायला सांगते. माझ्या लेकाच्या डोळ्यांसमोर शुभ चिन्ह पाहिजे."

अपेक्षानं कापडाचा काठ धरला. ती कशीबशी म्हणाली, "काकू, स्वस्तिक नवरीकडे नाई चालत का? चित्र निशांतकडे..."

"अगं, चित्र नवरीकडे राहू दे ना. तिचे फोटो किती छान येतील! तूच म्हणतेस नेहमी, बॅकग्राउंड पाहिजे म्हणून."

इंदिराकाकूंना बोल लावावा तर कशाचा? आईनं लेकासाठी कुंकू काढलं, हा काही गुन्हा नाही. बोलायचं होतं ते अपेक्षानं. काकू, हे त्याच्यासाठी आहे, असे चार शब्द. ते चार शब्द दहा-बारा वर्षांत निघाले नव्हते, ते तिथे मांडवात, केटरिंगवाल्यांच्या गडबडीत कुठून निघणार! ती कॅमेरा उचलून चालू लागली.

आंतरपाट धरला गेला. अपेक्षा नवरदेवाच्या बाजूला, थोडी तिरपी उभी होती. गुरुजींनी सूर लावला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर निशांतचा चेहरा होता आणि त्याच्यासमोर पांढरं कापड, मधे लाल स्वस्तिक. पांढरं जास्त झालं की कॅमेरा फसतो आणि माणसाचा चेहरा काळा पडतो. निशांतचाही पडला. अपेक्षाच्या बोटांनी सवयीनं चाक फिरवलं, चेहरा उजळला. तो समोर पाहत होता, अगदी एकटक, शहाण्या मुलासारखा, त्या कोऱ्या कापडाकडे. त्याच्या समोर वीतभर अंतरावर, एका धाग्याच्या पलीकडे, तिचं सगळं आयुष्य उलगडून धरलेलं होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. लोकांनी फेकलेल्या अक्षता तिच्या केसांत पडत राहिल्या आणि तिचा कॅमेरा जरासुद्धा हलला नाही. 'शुभमंगल सावधान' झालं, कापड खाली आलं, वाजंत्री वाजली. तिनं हार घालतानाचा शॉट घेतला, तो उत्तम आला.

ती रडली ती परतताना, टेम्पोत, सामानाच्या पेट्यांमध्ये बसून. ड्रायव्हरनं गाण्यांचा आवाज मोठा केला होता, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

पंधरवड्यानंतर निशांत आणि ऋचा दुकानात आले, अल्बमसाठी फोटो निवडायला. अपेक्षानं ऋचाला पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, जवळून पाहिलं. फोटोत होती तशीच होती. निशांत कॅमेऱ्याचं बिघडलेला चार्जर बदलायला समोरच्या दुकानात गेला आणि दोघीच उरल्या. पडद्यावर आंतरपाटाचा फोटो होता, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी नवरीच्या बाजूनं काढलेला. ऋचा हार धरून उभी आणि तिच्यासमोर तो जांभळा, मोरपंखी, पिवळा भोवरा.

"ताई," ऋचा म्हणाली, "मंगलाष्टकं होईस्तोवर मी फक्त हेच पाहत होती. आत, आत, आणखी आत. मले तिथंच रडू आलं. सगळ्यायले वाटलं, माहेर सुटून राह्यलं म्हणून रडते."

अपेक्षानं माऊसवरचा हात काढला.

"इतका जीव लावून ऑर्डरचं काम कोणी करत नाई, ताई," ऋचा हळूच म्हणाली. "हे माझ्याकडच्या बाजूचं नव्हतं ना?"

खोटं बोलायला अपेक्षाला जमलं असतं, पण त्या डोळ्यांसमोर तिला दुसऱ्यांदाही ते जमलं नाही. ऋचानं पिशवीतून आंतरपाट काढला. धुतलेला, इस्त्री केलेला. तिनं तो टेबलावर ठेवला. "हा तुमचा आहे," ती म्हणाली. "त्यायले मी काही सांगणार नाई."

"तूच ठेव," अपेक्षा म्हणाली. तिनं घडी ऋचाकडे सरकवली. "आंतरपाट नवरीनं जपा लागते. तू पाह्यलं ना, मंग तुयाच झाला तो."

ऋचानं तिचा हात धरला. चांगल्या माणसावर रागावता येत नाही, हे एक मोठं संकट असतं. ऋचा जरा नकचढी असती, तर अपेक्षाचं ओझं अर्धं झालं असतं.

तेवढ्यात निशांत आला. पडद्याकडे बघून थबकला. खुर्ची ओढून जवळ बसला, चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. त्याचे डोळे बारीक झाले, उजेड पाहताना व्हायचे तसे. "अबे अपेक्षा," तो म्हणाला, "हे रंग कुठून घेतले तू?"

ऋचानं मान खाली घातली.

"काऊन?" अपेक्षानं विचारलं.

"नाई, ऋचाच्या शालूले एकदम मॅच होऊन राह्यले, म्हणून विचारलं. कोणी सांगितलं होतं तुले तिच्या शालूचं?" आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढे बोलत सुटला, "बरं ऐक. हा आंतरपाट हिट झाला आपला. लग्नातच तिघा जणायनं विचारलं. सेलूची एक पार्टी आहे, एक हिंगणघाटची. सगळ्यायले सेम टू सेम पाहिजे. फाइल आहे ना तुयाकडे?"

"हाये," अपेक्षा म्हणाली.

"मस्त. आणि आता शूटिंगले ऋचा येत जाईन माझ्या संग. लाइट पाहाले हिलेच उभं करतो. तुले उन्हातान्हात यायची गरज नाई आता. सुटली तू!"

तो मायेनंच बोलला. त्याच्या मनात पाप असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या घालता आल्या असत्या. अपेक्षानं मान डोलावली आणि पुढचा फोटो उघडला. संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून अल्बम पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी तिनं फाइल उघडली आणि त्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन सोडला, हाताच्या पंजाएवढा. तेच चित्र तिनं सेलूच्या आंतरपाटासाठी दोन कापडांवर छापून घेतलं आणि ती कापडं घेऊन दुकानामागे राहणाऱ्या अनुसयाबाईकडे गेली. अनुसयाबाई शिवणकाम करते, तोंडानं फटकळ, हातानं नीट.

"हे दोन पाठीले पाठ लावून शिवून द्या, मावशी," अपेक्षा म्हणाली.

"दोन कायले वं?" अनुसयाबाईनं कापड उलटंसुलटं करून पाहिलं. "मांगून कोन पाह्यते?"

"पाहणारा कोनत्या बाजूनं उभा राहीन, काय सांगता येते?"

"अन् मंग स्वस्तिक कुठं काढतीन बायका?"

अपेक्षानं कोपऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग कापड उलटून दुसरा चौकोन दाखवला. "जागा सोडली हाये," ती म्हणाली. "दोन्हीकडे."

अनुसयाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. डब्यातून मोरपंखी दोरा शोधून काढला, कापडाच्या रंगाशी लावून पाहिला आणि मशीनमध्ये ओवला. कडेची पहिली शिवण पूर्ण होईपर्यंत अपेक्षा तिथेच उभी होती.